जपून ठेवलेल्या वस्तूंमधून हरवलेलं स्टेशन उभारताना: मिरजेच्या 'बार्शी लाइट'साठी सविस्तर मार्गदर्शक

मिरज जंक्शनवर आज उतरलं की सगळीकडे एकाच रुंदीचे रूळ दिसतात. पण १९७० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं इथे तिन्ही रुंदीचे रूळ एकाच आवारात होते. पुण्याकडून कोल्हापूरला जाणारं ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारं मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारं अडीच फुटी नॅरोगेज. हे नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती कुर्डुवाडीपासून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनपासून, बार्शीपर्यंत धावली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज गाठलं. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि २०१० च्या सुमारास पंढरपूर-मिरज टप्प्याचं रुंदीकरण झालं. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला ही नावं वेळापत्रकात राहिली. मिरजेतला छोट्या गाडीचा कोपरा मात्र गेला.

तो कोपरा नाहीसा झाला तरी त्याच्या खुणा घरोघरी आहेत. पुठ्ठ्याची तिकिटं, हमालाचा पितळी बिल्ला, खलाशाच्या बदलीचा कागद, आषाढीच्या गर्दीत काढलेला एखादा फोटो. या वस्तू गोळा करून त्यातून स्टेशनचं एक शिल्पचित्र, म्हणजे पेटीत मांडलेलं छोटं स्थळ, कसं उभारायचं ते इथे सांगतो. सांगलीतलं बंद पडलेलं एखादं टॉकीज, साताऱ्यातला पाडलेला वाडा, शिवसागर जलाशयाखाली गेलेलं गाव, या सगळ्यांना हीच पद्धत चालेल. उदाहरण मात्र शेवटपर्यंत बार्शी लाइटचंच ठेवतो, कारण मापं आणि साहित्य ठोस असलं की सूचनाही ठोस देता येतात.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. लोकांनी जे जपलं त्यानेच कलाकृतीचा आकार ठरवावा. जिथे पुरावा आहे तिथे बारकावा हवा, जिथे फक्त आठवण आहे तिथे ती आठवण आहे हे दिसायला हवं, आणि जिथे काहीच हाती नाही ती जागा मोकळी सोडायची हिंमत हवी. छान दिसावं म्हणून भरलेली जागा पुढच्या पिढीला पुरावा वाटते. मग मूळ वस्तूंनी सांगितलेली खरी गोष्टही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

पहिली पायरी: एक कोपरा आणि एक काळ

अख्खं स्टेशन करायला घेऊ नका. तिकिटाची खिडकी, फलाटाची कड आणि उभे असलेले दोन डबे एवढं पुष्कळ झालं. काळही एकच धरा. १९३० मधली कंपनीची गाडी आणि १९९० मधली डिझेल इंजिनाची गाडी एकाच फलाटावर उभी केलीत, तर जाणकार माणूस पहिल्या नजरेतच पाठ फिरवेल.

काळ कोणता, हे मनाने ठरवू नका. आधी महिना-दोन महिने वस्तू जमू द्या आणि जास्त वस्तू कोणत्या दशकाच्या आहेत ते बघा. बहुतेकांच्या घरात साठ ते ऐंशी या दशकांतलं साहित्य निघतं. ज्यांनी तो काळ पाहिला ती माणसंही अजून बोलायला आहेत, त्यामुळे हाच काळ सोयीचा ठरतो.

दुसरी पायरी: वस्तू मागायला कुणाच्या दारात जायचं

रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची घरं तर आहेतच. पण बहुतेकजण तिथेच थांबतात आणि संग्रह एकसुरी होतो. ही गाडी मुळात प्रवाशांची होती, तेव्हा प्रवासी कोण होते ते आठवा. पहिले वारकरी. आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपावर बसून माणसं पंढरपूरला जायची. तालुक्यातल्या दिंड्यांच्या जुन्या वह्या, फडाचे हिशेब, विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीमागे खोचलेलं तिकीट, असं काहीही निघू शकतं. दुसरे मिशन हॉस्पिटलचे रुग्ण. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या या दवाखान्यात लांबलांबून माणसं येत. दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांत केसपेपर आणि परतीचं तिकीट एकाच पिशवीत सापडण्याची शक्यता बरीच. तिसरे व्यापारी आणि हमाल. रुळांची रुंदी बदलली की वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागायचा. त्यामुळे पावत्या, पोत्यांवरचे शिक्के आणि हमालांचे बिल्ले या कोपऱ्याच्या खास वस्तू आहेत.

चौथं दार सतारमेकरांचं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. ते छोट्या गाडीने यायचे का, कुठे उतरवले जायचे, फुटू नयेत म्हणून काय करायचे, हे तिथल्या जुन्या कारागिरांना विचारा. उत्तर हो आलं आणि एखादी पावती निघाली तर तुमच्या फलाटावर भोपळ्यांचा ढीग येईल. पावती न निघता नुसती आठवण निघाली तर तो ढीग वेगळ्या रीतीने येईल. ती रीत सहाव्या पायरीत सांगतो.

एक कडक सूचना. रूळाचा तुकडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी), कंदील, घंटा अशा रेल्वेच्या खुणा असलेल्या लोखंडी-पितळी वस्तू भंगारातून पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ खाली असा माल जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. लिलावाची पावती असेल तर तिची प्रत ठेवा. नसेल तर वस्तू तिथेच ठेवून तिचा कागदावर ठसा घ्या. पातळ कागद वस्तूवर धरायचा आणि सहा-बी पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची, की अक्षरं आणि गंज दोन्ही उमटतात. माझ्या मते असे ठसे मूळ लोखंडापेक्षा कलाकृतीत जास्त बोलतात, शिवाय पेटीचं वजनही वाढत नाही.

तिसरी पायरी: नोंदवही

लांब आखीव रजिस्टर घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, मिळाल्याची तारीख, देणाऱ्याचं नाव, कायमची दिली की उसनी, लांबी-रुंदी-जाडी, आणि देणारा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. शेवटचा रकाना मोठा ठेवा. उसन्या वस्तूची दोन प्रतींत पावती करा, परत देण्याची तारीख लिहा आणि नाव प्रदर्शनात लावायचं की नाही हे तेव्हाच विचारून सही घ्या.

प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. साध्या कागदाला ६०० डीपीआय पुरे, तिकिटासारख्या लहान वस्तूला १२००. मागची बाजू कोरी वाटली तरी ती सोडू नका. तिकिटाच्या मागे कुणी किराणा मालाचा हिशेब लिहिलेला असतो आणि भावावरून काळ कळतो.

सांगली-मिरजेकडच्या संग्रहात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत भिजलेले कागद येणारच. गाळ ओला असताना पुसू नका. कागद सावलीत टीपकागदावर पसरून वाळू द्या आणि मग मऊ ब्रशने गाळ झाडा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, जाणकाराकडे न्या. कुणीही सांगितलं तरी लॅमिनेशन करायचं नाही आणि सेलोटेप लावायचा नाही. दोन्ही काही वर्षांत कागदाचा जीव घेतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळाली तर उत्तम.

चौथी पायरी: वस्तूचा काळ ओळखणं

या कामातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग. देणारे म्हणतात, 'आजोबांच्या वेळचं आहे.' आजोबांची वेळ वीस साल ते ऐंशी साल कुठेही असू शकते. वस्तूलाच विचारलं तर ती बरंच सांगते.

कागदावर बी. एल. आर. किंवा बार्शी लाइट रेल्वे कंपनी असं असेल तर तो १९५४ पूर्वीचा धरा. मध्य रेल्वे लिहिलं असेल तर नंतरचा. दक्षिण मध्य रेल्वे हा विभाग १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. ते नाव असलेलं मिरजेच्या मोठ्या गाडीचं तिकीट त्याआधीचं असूच शकत नाही. भाडं आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलं, कारण १९६४ साली 'नये' गळून नुसते पैसे उरले. थर्ड क्लास १९७४ साली संपला, त्यामुळे तिसऱ्या वर्गाचं तिकीट त्याआधीचं.

पत्रं आणि पावत्या असतील तर पत्ता वाचा. 'जिल्हा दक्षिण सातारा' असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर ते आधी बाजूला काढून ठेवा. सातारा जिल्ह्यातून १९४९ साली वेगळा झालेला हा जिल्हा १९६० साली सांगली झाला, म्हणजे पाकीट त्या अकरा वर्षांच्या आसपासचं. लोक जुनं नाव पुढेही काही काळ लिहीत राहतात, तेव्हा इथे थोडी ढील द्या. सहा अंकी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

फोटोत इंजिन दिसत असेल तर चाकं मोजा. बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची होती. त्यांना आठ जोडचाकं आणि मागे चार लहान चाकं असायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने दर आसावर पाचच टन भार येईल अशी सगळी रचना बेतली होती, म्हणून इतक्या हलक्या रुळांवर एवढं इंजिन चालायचं. फोटोत धूर नसून डिझेल इंजिन दिसलं तर तुम्ही शेवटच्या काही दशकांत आहात.

प्रत्येक वस्तूसमोर 'याच्या आधीचं नाही' आणि 'याच्या नंतरचं नाही' असे दोन रकाने भरा. एकच नेमकं साल लिहायचा मोह आवरा.

पाचवी पायरी: आठवणीतून मापं काढणं

जुन्या माणसांना 'स्टेशन कसं होतं?' असं विचारलं की 'छान होतं, लहान होतं' एवढंच उत्तर मिळतं. शरीराला आठवेल असा प्रश्न विचारा. 'आज्जी, तिकीट काढताना हात खांद्याच्या वर जायचा की खाली?' यातून खिडकीची उंची कळते. 'मामा, डब्यात चढताना गुडघा किती वर घ्यायला लागायचा?' यातून फलाट उंच होता की जमिनीलगत ते कळतं. 'मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीला जाताना ऊन कुठल्या बाजूने लागायचं?' वेळापत्रकातली वेळ या उत्तराशेजारी ठेवली की दिशा निघते. 'पाणी कुठे प्यायचात?' हा प्रश्न तर कधीच वाया जात नाही. नळ, माठ, झाड, सावली सगळं त्याच्या उत्तरात येतं.

दोन गोष्टी सांभाळा. आधी फोटो दाखवू नका, नाहीतर पुढचं सगळं बोलणं त्या फोटोचंच होऊन जातं. आणि दोन माणसं एकत्र बसवून विचारू नका, जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण दुसऱ्याची होते. वेगवेगळं बोलून झालं, प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आपापला नकाशा काढला की मग सगळ्यांना एकत्र चहाला बोलवा. तेव्हा वाद होतील, होऊ द्या, फोनवर रेकॉर्डिंग मात्र परवानगी घेऊनच. एक म्हणेल कडुलिंब खिडकीच्या डावीकडे, दुसरा म्हणेल उजवीकडे. निकाल लावू नका, दोन्ही लिहा.

यासोबत सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, जिल्ह्याचं गॅझेटियर आणि गूगल अर्थवर मागे जाऊन दिसणारी जुनी उपग्रहचित्रं बघा. जमिनीवर रुळांची वळणं कुठून गेली हे कळायला एवढं पुरतं.

सहावी पायरी: तीन थर ठरवा

आता नोंदवहीतल्या प्रत्येक गोष्टीसमोर तीनपैकी एक खूण करा. 'पु' म्हणजे पुरावा: वस्तू, फोटो, नकाशा, कागद. 'आ' म्हणजे आठवण: एका किंवा अधिक माणसांनी सांगितलेलं. 'क' म्हणजे कल्पना: तुमची.

कलाकृतीत या तिघांना तीन वेगळी साहित्यं द्या. मी सुचवतो ते असं. पुराव्याची गोष्ट पूर्ण रंगात, पूर्ण बारकाव्याने. आठवणीची गोष्ट रंग न देता, कच्च्या लाकडात किंवा पांढऱ्या कागदावर पेन्सिलने. कल्पनेची गोष्ट फक्त तारेच्या रेषेत, म्हणजे आरपार दिसणारी. कडुलिंबाचा वाद असेल तर पेन्सिलीची दोन झाडं दोन बाजूंना उभी करा. सतारमेकरांच्या भोपळ्यांची पावती मिळाली तर भोपळे पिवळेधमक, नाही मिळाली तर कागदी पांढरे. बघणाऱ्याला हे एका ओळीत सांगितलं की तो आपोआप वाचायला लागतो. आणि पांढऱ्या भागापाशी उभा राहून एखादा म्हणतो, 'अहो, इथला फोटो आमच्याकडे आहे.' संग्रह असाच वाढतो.

कल्पनेचा थर छोटा ठेवा, पण तो हवा. फक्त पुरावे मांडायचे तर काचेचं कपाट पुरे आहे, कलाकार कशाला? नियम एवढाच की प्रत्येक कल्पना एखाद्या मिळालेल्या वस्तूतून निघालेली असावी. तुळशीमाळेतून टपावरची माणसं यावीत, पोत्याच्या शिक्क्यातून धान्याची थप्पी यावी.

सातवी पायरी: प्रमाण

एकास चोवीस हे प्रमाण घ्या, म्हणजे खरा एक फूट तुमच्याकडे अर्धा इंच. सुताराला समजावायला सोपं आणि बार्शी लाइटला तर फारच सोयीचं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे सव्वा इंच. या रेल्वेचे मालडबे पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद सांगाड्यावर बांधलेले असायचे, म्हणजे साडेबारा इंच बाय साडेतीन इंच. साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा. पेटी चार फूट बाय दोन फूट केली तर लांबीत खरे ९६ फूट मावतात: दोन डबे, मध्ये थोडी जागा, शेजारी तिकिटाची खिडकी.

जागा असेल तर पुढच्या कडेला तिन्ही गेजचे रुळांचे तुकडे शेजारी शेजारी बसवा. नॅरोगेज सव्वा इंच, मीटरगेज एक इंच पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ब्रॉडगेज पावणेतीन इंच. मिरजेबद्दल लांबलचक मजकूर लावण्यापेक्षा हे तीन तुकडे जास्त सांगतात. पावणेतीन इंचांचा माणूस ब्रॉडगेजवर आडवा ठेवला तर बरोबर रुळापासून रुळापर्यंत पोचतो. मुलांना गेज म्हणजे काय हे यातून लगेच कळतं.

फोटोतून मापं काढायची तर मालडब्याची रुंदी ही तुमची पट्टी. फोटोत डबा समोरून दिसत असेल आणि त्याची रुंदी ३५ मिलिमीटर भरली, तर ५ मिलिमीटर म्हणजे एक फूट. त्याच अंतरावरच्या कमानीची उंची ४० मिलिमीटर असेल तर ती आठ फूट, म्हणजे तुमच्याकडे चार इंच. 'त्याच अंतरावरची' हे शब्द महत्त्वाचे. पुढच्या किंवा मागच्या वस्तूला ही पट्टी लावू नका.

आता तिकीट. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट सव्वादोन इंच लांब, एक इंच दीड सूत रुंद आणि पाव सूत जाड असतं. जगभर चाललेलं एडमंडसन पद्धतीचं हे माप. चोवीसने गुणा: साडेचार फूट उंच, जवळजवळ दोन फूट साडेचार इंच रुंद, पाऊण इंच जाड. हे खिडकीच्या लाकडी झडपेचं माप आहे. दोन तिकिटं शेजारी उभी लावली की दुझडपी खिडकी तयार होते, आणि जाडीही पाऊण इंची फळीची मिळते. म्हणून आमच्या भागातल्या कुणीही हे काम करायला घेतलं तर मी सांगेन, खिडक्या तिकिटांच्याच करा. प्रत्येक झडपेवर एका स्टेशनचं नाव, ढालगाव, सलगरे, आरग, आणि आत मंद दिवा. तिकीट ज्या खिडकीतून मिळायचं तीच खिडकी त्या तिकिटाची होते.

प्रमाण मोडायचं असेल तर एकदाच आणि ठरवून मोडा. हमालाचा अडीच इंची बिल्ला या जगात पाच फुटांचा होतो. तो खरा वाटावा म्हणून कुठेतरी लपवू नका. मागच्या पडद्यावर सूर्याच्या जागी लावा. ज्याच्या पाठीवर तिन्ही गेजचा माल गेला त्याला तेवढी जागा मिळायलाच हवी.

आठवी पायरी: बांधणी

मूळ वस्तू कापायची नाही, चिकटवायची नाही, रंगवायची नाही. ही अट मोडायला कितीही चांगलं कारण सापडलं तरी मोडू नका. कलाकृतीत जाते ती प्रत. चांगल्या स्कॅनची पिगमेंट शाईत छपाई करा. इंकजेटची साधी शाई उन्हात लवकर विटते. छापलेला कागद पाव सूत जाडीच्या आम्लरहित पुठ्ठ्यावर डकवून पातीने कापा. कड मूळ तिकिटासारखीच जरा मळकट हवी असेल तर चहाचं पाणी लावू नका, त्याने कागद आम्ल धरतो. कोरड्या पेस्टलची पूड बोटाने फिरवा.

डकवायला खळ वापरा, फेव्हिकॉल नको. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तोच इथे लागतो, फक्त मीठ घालायचं नाही आणि वरची निवळी पुन्हा पुन्हा बदलून आंबूस वास पूर्ण घालवायचा. वाळवलेल्या चिकाच्या एका भागाला चार ते पाच भाग पाणी, मंद आचेवर न थांबता ढवळत अर्धा तास. पारदर्शक, जड झाली की गार करून बारीक गाळणीतून दोनदा गाळा. फ्रिजमध्ये काही दिवस टिकते, वास आला की टाका. पुस्तकबांधणीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तांब्याचा अंश कागदाला ठिसूळ करतो म्हणून इथे घालू नका. खळीचा खरा गुण हा की उद्या चूक कळली, नवा फोटो मिळाला, तर ओलसर टीपकागद ठेवून चिकटवलेलं सोडवता येतं. असं काम कधीच पूर्ण होत नाही, म्हणून ते उलगडता यायला हवं.

तळाला बारा मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लायवूड घ्या. नदीकाठच्या घरात पावसाळ्यात साधं प्लायवूड फुगतं. रुळांना एक सूत उंचीची पितळी पट्टी, स्लीपरला जुन्या सागवानाच्या काड्या. स्लीपरची लांबी रुळांमधल्या अंतराच्या साधारण दुप्पट धरा, म्हणजे अडीच इंच. खडी म्हणून काळा दगड कुटून, चाळून घ्या. विकतच्या रंगीत वाळूला आपल्याकडच्या बेसाल्टचा रंग येत नाही.

भिंती कशाच्या हे तुमच्या पुराव्यावर ठरेल. पोत मात्र खऱ्या भिंतीचा घ्या. त्या काळातली रेल्वेची एखादी भिंत अजून उभी असेल तर तिचा पेन्सिलीने ठसा घेऊन, त्याची प्रत एकास चोवीस लहान करून लावा. कौलं असतील तर जुन्या वेळापत्रकाच्या प्रती कापून करा. इंची कागदपट्ट्या ओल्या खळीत भिजवून जाड सुईवर वळवल्या की नळीच्या कौलाचा आकार येतो. जवळून बघणाऱ्याला छपरावर गाड्यांच्या वेळा वाचता येतात.

माणसं करायची की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. मी म्हणेन चेहरे करू नका. आषाढीची गर्दी दाखवायची तर डब्यांच्या टपावर पांढरे फेटे, पदर, पताकांचं भगवं आणि एखादी वीणा एवढंच ठेवा. फोटोतल्या खऱ्या माणसाचा चेहरा वापरायचा तर घरच्यांची लेखी संमती हवी. आणि फोटो स्टुडिओचा असेल तर त्याच्या हक्काचाही विचार करा. २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात छायाचित्राचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

दिवा आणि आवाज

उबदार, २७०० केल्व्हिनच्या एलईडी पट्ट्या पुरतात. दिवे पेटीच्या बाहेर किंवा खिडक्यांच्या मागे लपवा. वायरिंग तळाच्या खाली, वेगळ्या कप्प्यात. मूळ वस्तू शेजारी मांडणार असाल तर त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देऊ नका. मोबाइलवरच्या लक्समीटरने अंदाज येतो. सलग तीन महिन्यांहून जास्त एकच मूळ कागद उघडा ठेवू नका, अदलाबदल करत राहा. खिडकीतलं ऊन तर अजिबात नको.

आवाजासाठी इंजिनाची तयार शिट्टी इंटरनेटवरून घेऊ नका. ती कुठल्या तरी वेगळ्याच गाडीची असते. त्याऐवजी ज्यांच्याशी बोललात त्यांचेच आवाज लावा, एकेक वाक्य, मध्ये मोठी शांतता. स्टेशनांची नावं ओळीने म्हणून दाखवणारा एखादा जुना प्रवासी नक्की भेटतो. मिरज ते पंढरपूर एका दमात.

मांडणी आणि नंतर

पेटी उघडण्याआधी ती वस्तू देणाऱ्यांना दाखवा. पाहुणे, भाषणं, फीत नंतर. देणारे चुका सांगतील त्या कागदावर घ्या आणि ज्या आठ दिवसांत सुधारता येतील त्या सुधारा. प्रदर्शनाचे दिवस निवडताना आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस धरा. तेव्हा पंढरपूरचा विषय प्रत्येक घरात असतो आणि म्हातारी माणसं आपणहून बोलू लागतात. जागा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावर असावी, कारण ज्यांना हे दाखवायचं त्यांचे गुडघे जिना चढणारे नाहीत. पेटीची उंची खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशी ठेवा, आणि दोन खुर्च्या खरंच ठेवा.

शेजारी नोंदवहीची प्रत आणि कोरे कागद-पेन्सिली असू द्या. तिथे जमलेल्या प्रत्येक नकाशाला क्रमांक द्या, तोही संग्रहच आहे.

शेवटी उसन्या वस्तू, ठरल्या तारखेच्या आत, स्वतः जाऊन परत करा. पोस्टाने नाही, कुणाच्या हाती नाही. सोबत मूळ कागदाचा मोठा छापलेला स्कॅन आणि कलाकृतीत त्यांची वस्तू जिथे आली आहे त्या भागाचा फोटो द्या. पावतीच्या दोन्ही प्रतींवर 'परत मिळाली' अशी सही घ्या. स्कॅनचा एक संच जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या, एक घरी ठेवा आणि एक सांगलीबाहेर एखाद्या नातेवाइकाकडे, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. पेटीच्या तळाला, आतल्या बाजूने, प्रमाण, धरलेला काळ, तीन थरांची खूण आणि खळीचं प्रमाण लिहून ठेवा. पुढे कधी कुणी ती उघडली तर काय सोडवायचं आणि कसं, हे त्याला तिथेच वाचता येईल.